विहिरीपासून समुद्र किती खांब

आमच्या ब्लॉकमध्ये माणसाच्या रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष उरलं की त्याला सगळे एकच प्रश्न विचारतात. तब्येत, पोरीचं लग्न, हे सगळं नंतर. आधी, “तो फिर, कहाँ सेटल हो रहे हो?” कारण भिलाईच्या स्टील प्लांटचं क्वार्टर सोडावं लागतं. ज्या दोन खोल्यांत पोरं वाढवली आणि ज्या अंगणात पेरू लावला, त्याची चावी देऊन निघायचं. यात काही चूक आहे असं इथे कोणालाच वाटत नाही. मला वाटतं, पण तो राग वेगळ्या कागदावर.

खालच्या मजल्यावरचे अंकल ओडिशाचे. प्लेट मिलमध्ये, जिथे पोलादाच्या जाड प्लेटा लाटतात, उभी नोकरी काढली. त्यांचं गाव अगदी समुद्राला लागून, आणि वाटणीत त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा सगळ्यात पुढचा, विहिरीच्या पलीकडे लगेच वाळू. गावातला धाकटा भाऊ फोनवर मागे लागला होता: बांधायचं तर या हिवाळ्यात बांध, नाहीतर माझ्या नावे कर, मी नारळ लावतो. आंटींना इथेच, भिलाईला लागून रिसालीत, दोन खोल्या हव्या होत्या, कारण मुलगी शेजारच्या दुर्गला दिलेली. अंकलना समुद्र हवा होता. पण समुद्र पुढे सरकतोय असं भाऊ दर फोनला सांगायचा, आणि तो खरं बोलतोय की जमिनीवर डोळा ठेवून बोलतोय हे अंकलना इथे बसून कळत नव्हतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता: तिथे घर बांधलं तर ते मी मरेपर्यंत उभं राहील का?

अंकल आमच्याशी हिंदीत बोलायचे. मी ते इथे मराठीत लिहितेय, कारण त्यांचं हिंदीही अर्धं ओडियाच होतं.

मी तेव्हा शिवनाथ नदीच्या वाळूवर पर्चे, म्हणजे पत्रकं, लिहीत होते. नदीच्या पात्रातून पोकलेन लावून वाळू उपसतात, त्याविरुद्ध आम्ही चार-पाच जण. पर्चे हिंदीत, दुर्गच्या एका जुन्या छापखान्यात छापायचे आणि बाजारात उभं राहून वाटायचे. माझं खरं शिक्षण तिथलंच. एका पानावर एक शत्रू, एक आकडा आणि एक मागणी. ‘शायद’ हा शब्द दिसला की आमचा म्होरक्या त्यावर काट मारायचा. म्हणायचा, शायद म्हणणाऱ्याचा पर्चा लोक भज्यांखाली घेतात.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण थिसिस लिहायला घरी आली. ती समुद्रकिनाऱ्यांवर काम करते. वाळूचा किनारा पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठे सरकेल, हे ती कॉम्प्युटरवर मांडते. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप दिवसभर पंख्यासारखा घरघरायचा आणि आई त्याच्या बाजूला ताटं मांडायची.

“काय करून राहिली तू हे?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“किनारा.”

“भिलाईत?”

“किनारा याच्यात आहे. भिलाईतून मले फक्त लाइट पाहिजे.”

मला ते थोतांड वाटलं होतं, खरं सांगते. वाळू चोरणारे ट्रक रस्त्यावरून राजरोस जातात, आणि ही इथे बसून तीस वर्षांनंतरच्या वाळूची काळजी करते. पण मग माझ्या डोक्यात एक झकास पर्चा तयार झाला. शिवनाथ जाते महानदीत, महानदी जाते समुद्रात, आणि अंकलचं गाव त्याच किनाऱ्यावर. म्हणजे इथे उपसलेली वाळू तिथे पोचत नाही, म्हणून तिथला किनारा खचतो. शत्रू सापडला. मी तिला म्हटलं, तुझ्या मशीनमधून एवढंच सिद्ध करून दे.

ती हसली. “मधे धरण आहे ना वं. तुझ्या नदीची बहुतेक वाळू तिथंच खाली बसते. तू उपसा बंद केला तरी अंकलच्या गावाले तिचा दाणा पोचत नाही.”

“बहुतेक म्हणजे किती?”

“बहुतेक म्हणजे बहुतेक. तुले आकडा कावून पाहिजे दर वेळी?”

मी चिडले. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. नदीची वाळू पोचत नाही, तर त्या किनाऱ्यावर रोज वाळू येते कुठून? हे तिला विचारलं तेव्हा ती उठली आणि आईचा रव्याचा डबा घेऊन आली. ताटात रवा पसरला, एका कडेला थोडं पाणी ओतलं आणि बोटांनी लाट केली. सरळ नाही, तिरकी.

“पाहा. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते, पण उतरते सरळ. दाणा वर जातो तिरका, खाली येतो सरळ. दर लाटेले बोटभर बाजूले सरकतो.”

रवा खरंच सरकत होता. मी ताटावर वाकून किती वेळ पाहत बसले कोण जाणे. वाळू चालते, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा मेळ घातला तर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते. तिचं मॉडेल म्हणजे एवढंच: किनाऱ्याचे लहान लहान तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यात किती वाळू आली आणि किती पुढे गेली ते लाटेमागून लाट मोजत जायचं. जास्त आली तर किनारा पुढे, कमी आली तर मागे. मग तिने ताटात चमचा आडवा ठेवला. चमच्याच्या एका अंगाला रवा साचला. दुसऱ्या अंगाला ताटाचा तळ दिसायला लागला.

“ही बंदराची भिंत,” ती म्हणाली.

अंकलच्या गावाच्या दक्षिणेला मासेमारीच्या बंदराची दगडी भिंत आहे, हे भाऊ सांगायचा. ती आणखी लांबवायचं चाललंय, हेही. मी चमच्याकडे पाहिलं. मला नवा शत्रू मिळाला होता.

आईने रव्याचं ताट पाहिलं आणि आम्हा दोघींची भरपूर हजेरी घेतली.

अंकल रविवारी वर आले. ताईने आधी हात झटकले. एका प्लॉटचं भविष्य असं सांगता येत नाही. मॉडेल आधी मागचं बरोबर सांगतंय का ते पाहावं लागतं, तरच त्याचं पुढचं ऐकायचं. आणि मागचं पाहायला काही नाही. उपग्रहाची जुनी चित्रं आहेत, पण त्यातला एक ठिपका म्हणजे आपल्या ब्लॉकएवढी जागा.

अंकल म्हणाले, “जुनं पाहिजे? आहे की.” आणि खाली जाऊन अल्बम घेऊन आले.

तो अल्बम मी अजून विसरलेले नाही. दर वर्षी सुट्टीत हे कुटुंब गावी जायचं आणि दर वर्षी त्याच विहिरीला टेकून एक फोटो काढायचं. मुलगी दर पानावर वाढते, आंटींचा चष्मा येतो, अंकलचे केस जातात. आणि मागे, विहिरीपासून थेट पाण्यापर्यंत, जाळी वाळवायच्या लाकडी खांबांची एक रांग. फोटोखाली अंकलच्या टपोऱ्या अक्षरात फक्त साल.

ताईने भिंग आणलं. “अंकल, हे खांब दर वर्षी तेच?”

“तेच. एखादा मोडला तर त्याच खड्ड्यात दुसरा.”

“मग समुद्र किती दूर ते मोजता येते.” तिचा आवाज बदलला होता. भरतीचं पाणी वाळूवर जिथवर येऊन जातं तिथे ओली काळपट रेघ राहते. विहिरीपासून त्या रेघेपर्यंत किती खांब, ते मोजायचं. दोन खांबांमधलं अंतर भावाने फोनवर सांगितलं. त्या वेळी तो कुरकुरला, की दादा आता जमीनच विकायला काढतो की काय.

ती दुपार मजेची होती. पहिल्या फोटोत आठ खांब, पुढच्यात आठ. मग सात. एका वर्षी अंकलचं पोट आडवं आलं आणि त्यांनी स्वतःच्याच पोटाला ओडियात शिव्या दिल्या. ताई आकडे लिहीत होती, मी भिंग धरून होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मोजणं हे घोषणेइतकंच जोरकस असू शकतं.

एक गोष्ट ताईला विशेष आवडली. समुद्रकिनारा वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यातल्या खवळलेल्या लाटा वाळू खरवडून आत नेतात आणि शांत महिन्यांत तीच वाळू परत येते. म्हणून जूनचा किनारा ऑक्टोबरशी ताडून चालत नाही. “पण तुमचे सगळे फोटो मेचेच, नाही का?” तिने विचारलं.

“दुसरं काय असणार? शाळेला सुट्टी लागली की गाव. सगळी भिलाई मेमध्येच गावी जाते.”

ते खरंच होतं. आम्हीपण मेमध्येच वर्ध्याला जायचो. त्यामुळे कोणी महिना लिहीतच नाही.

अल्बमच्या शेवटच्या फोटोत खांब होते चार.

अंकलनी अल्बम मिटला. त्या फोटोनंतर त्यांचे वडील गेले, गावी जाणं कमी झालं आणि खांबही निघाले, म्हणून पुढचं मोजायला काही नव्हतं. ताईने तो आकडा घातला, मॉडेल त्यावर जुळवलं आणि पुढे चालवलं. एकदा नाही, शंभर वेळा, दर वेळी लाटांची वेगळी मालिका देऊन. पडद्यावर शंभर किनारे एकमेकांवर पडले आणि त्यांचा एक जाड पट्टा झाला. पट्ट्याचा मोठा भाग विहीर ओलांडून जमिनीत आला होता.

मी विचारलं, “यातली खरी रेघ कोणती?”

“कोणतीच नाही. आणि सगळ्या.”

“असं कसं? मधली घे.”

“मधली कावून? आणि हे पाहा, हा शेवटचा फोटो मले खटकून राहिला. सातावरून एकदम चारावर कसा आला? मी आधी तपासतो. तू याच्यातलं काही छापू नको.”

मी बरं म्हटलं.

आणि छापलं. तीन दिवसांनी सेक्टरमध्ये ओडिया मंडळींचा मोठा मेळावा होता. शेकडो कुटुंबं, त्यातली कितीतरी किनाऱ्यावरची, आणि बंदराच्या भिंतीविरुद्ध सह्या घ्यायला याहून चांगली जागा पुन्हा कधी मिळणार? मी ताईच्या लॅपटॉपवरून मधली रेघ उचलली. वर मथळा: समुंदर आपके कुएँ तक. खाली विहिरीजवळचा शेवटचा फोटो, अंकलना न विचारता, फक्त चेहरे काळे करून. ‘हो सकता है’ असं एका वाक्यात लिहिलं होतं, ते छापखान्यात उभ्या उभ्या मीच काढलं. त्या दिवशी सह्यांची वही भरली. घरी येताना मी स्कूटीवर गाणं म्हणत होते.

मेळाव्यात अंकलही होते. त्यांनी पर्चा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन भावाला फोन केला. माझा वाटा तू घे, म्हणाले. नारळ लाव.

हे मला दुसऱ्या दिवशी आंटींकडून कळलं. त्या अल्बम घ्यायला वर आल्या होत्या. मला वाटलं, खूश असतील, त्यांना रिसालीच हवी होती. पण त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “काल जेवला नाही माणूस. मी भांडले असते वर्षभर, पण असा हरलेला मला नको होता.”

टेबलावर माझा पर्चा पडला होता. त्यांनी उचलला, चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

“ही पूजेची साडी आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“ही माझी. चेहरा काळा केलास म्हणून साडी लपते का? ही दुर्गापूजेला घेतली होती. त्या वर्षी आम्ही मेमध्ये गेलोच नाही. मिलचं कॅपिटल रिपेअर, मोठी दुरुस्ती निघाली, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. पूजेत गेलो आम्ही. पावसात भिजलेलं गाव होतं.”

ताई आतून आली ती धावतच. “आंटी, म्हणजे हा फोटो ऑक्टोबरचा?”

“नाहीतर काय. मला विचारलं का कोणी? रविवारी मी खाली भाजी निवडत होते.”

पावसाळ्याने खरवडलेला किनारा आम्ही मेच्या रांगेत लावला होता, आणि मॉडेल बिचारं त्या एका आकड्याला जुळवून घेण्यासाठी समुद्राला पळवत होतं. ताईने पर्चा उलटा करून ठेवला.

अंकलना सांगायला मी एकटीच गेले. ते जनरल शिफ्टहून येऊन बूट सोडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक बूट हातात धरला तो तसाच धरून ठेवला.

“गरम प्लेट मोजलीस,” ते म्हणाले, “आणि थंडच्या रजिस्टरमध्ये लिहिलीस. कळतं का तुला? लाल प्लेट लांब असते. थंड झाली की आखडते. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो, आधी विचार गरम की थंड, मग टेप लाव. चुकला तर अख्खी प्लेट स्क्रॅपमध्ये.”

“चूक झाली अंकल.”

“चूक माझीपण आहे. महिना मी लिहिला नव्हता. पण मी छापलं नव्हतं.” मग बूट खाली आपटला. “आणि माझ्या बायकोचा फोटो बाजारात वाटलास. तिचं तोंड काळं करून!”

पर्च्यात आम्ही दुसऱ्यांना जे विचारतो, की कोणाला विचारून केलंत, तेच ते मला विचारत होते.

त्या आठवड्यात मी दुसरा कागद काढला. त्यात लिहिलं की फोटो ऑक्टोबरचा आहे, मधली रेघ मी उचलली, बहिणीने नको म्हटलं होतं. भिंतीविरुद्धची मागणी तशीच ठेवली, कारण चमच्याच्या पलीकडचा तळ अजूनही उघडाच पडतो. सह्यांच्या वहीतले पत्ते घेऊन घरोघर गेले. काहींनी चहा दिला. एका काकूंनी विचारलं, “मग आधीचा खोटा होता का?” म्होरक्या फोनवर ओरडला की चूक कबूल करणारा पर्चा त्याने जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं, आता पाहा.

इकडे ताईने तो फोटो काढून टाकला. टाकला म्हणजे फेकला नाही, ऑक्टोबर म्हणून वेगळा लावला, आणि त्यावरून पावसाळा किती खरवडतो हे तिला उलट नीट कळलं. मॉडेल पुन्हा शंभर वेळा चाललं. रविवारी पुन्हा सगळे टेबलाशी. या वेळी आंटी मधल्या खुर्चीत.

पट्टा आता समुद्राकडे सरकला होता, पण पातळ झाला नव्हता. भिंत लांबली तर काय आणि नाही तर काय, असे दोन वेगळे पट्टे होते.

अंकल पडद्याजवळ वाकले. “विहिरीपर्यंत पाणी आणणाऱ्या रेघा किती?”

“तीस वर्षांत, भिंत लांबली तर निम्म्याच्या जवळपास. नाही लांबली तर बऱ्याच कमी.”

“तीस वर्षं कोणाला पाहिजेत? मी काय कासव आहे? वीस वर्षांचं दाखव.”

ताईने वीसवर आणलं. विहीर ओलांडणाऱ्या रेघा थोड्याच उरल्या. पण होत्या.

मग अंकलनी पेन मागितलं आणि माझ्याच जुन्या पर्च्याच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायला लागले. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रा, चारी बाजूंनी फळ्या. “वेल्डिंग नाही,” ते म्हणाले. “सगळं नट-बोल्ट. पाणी जवळ आलं की खोलायचं आणि मागे भावाच्या वाट्यात नेऊन पुन्हा जोडायचं. चार माणसं, दोन दिवस.”

“म्हणजे म्हातारपणी मी पाना घेऊन बसू?” आंटी म्हणाल्या.

“तू बोल्ट मोज. मोजण्यात तू पक्की आहेस.”

“मग जवळ आलं म्हणजे किती जवळ, ते मी ठरवणार. नाहीतर तू पाणी पलंगाखाली येईपर्यंत बसून राहशील.” त्यांनी ताईकडे वळून विचारलं. दोघींनी वाद घालून ठरवलं, विहिरीपासून चारच खांब उरले की घर खोलायचं. “आणि मेमध्ये मोजायचं,” आंटींनी अंकलना बजावलं. “पूजेत मोजशील तर दर वर्षी घर डोक्यावर घेऊन पळशील.” स्वतःसाठी त्यांनी अट घातली की थंडीचे चार महिने त्या दुर्गला मुलीकडे राहणार. अंकलनी मान हलवली. खरं तर त्यांना विचारलंच नव्हतं.

भावाला फोन लावला. तो हसला ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “दादा, आठवड्यात समुद्र मागे गेला का?”

“समुद्र तिथंच आहे. नारळ लावू नको. खांब लाव, जुन्या खड्ड्यांत.”

अंकल फेब्रुवारीत रिटायर होऊन गावी गेले. पहिल्या मेमध्ये त्यांनी मोजणीचा फोटो पाठवला. ताईने जेवण टाकून मोबाईल घेतला, मोठा केला, फिरवला आणि माझ्या हातात दिला. फोटोत निळ्या रंगाचं लोखंडी घर होतं, चकचकीत बोल्ट होते, दारात आंटी उभ्या होत्या. पाणी कुठेच नव्हतं. समुद्राकडे पाठ करून त्यांनी घराचा फोटो काढला होता.

मी फोन लावला. मागे लाटांचा आवाज येत होता.

“अंकल,” मी म्हटलं, “घर छान झालंय. आता तिथंच उभं राहून उलटे फिरा.”